पाटी नसलेले दुकान आणि पोटिसाची पारख

गोव्यातील म्हापशाच्या बाजारात सुक्या मिरच्या, चिंच आणि सोलां म्हणजे आमसुले विकणाऱ्या बायकांची रांग जिथे संपते, तिथून आत वळल्यावर एक अरुंद, काळोखी खोली लागते. तिच्यावर पाटी नाही. दाराशी टांगलेल्या वाळक्या मुळ्या आणि आतून येणारा वेखंडाचा उग्र वास हीच तिची ओळख. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ हे दुकान चालवतात. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही येथे तेच नाव वापरते. गेल्या दीड वर्षात माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यासाठी, मुलाच्या केस्तुडासाठी आणि डिचोलीला राहणाऱ्या माझ्या दिरांच्या गाईसाठी मी या दुकानातून लेपांचे आणि पोटिसांचे सामान वेळोवेळी नेले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. वनौषधींची जी दुकाने मी आजवर पाहिली, त्यांत हे सर्वांत स्वच्छ नाही आणि सर्वांत स्वस्तही नाही, तरीही मी पुन्हा तेथेच जाते. तेथील पुड्यांपेक्षा तेथे विचारले जाणारे प्रश्न अधिक मोलाचे आहेत, असे माझे मत झाले आहे.

आधी शब्दांविषयी थोडे, कारण बाजारात याच बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो. लेप म्हणजे त्वचेवर पसरलेला थर. पोटीस म्हणजे शिजवून किंवा कढवून गरम लगद्यासारखे केलेले द्रव्य कापडात घालून बांधणे. आणि पोटली म्हणजे औषधी पाला किंवा पूड बांधलेली पुरचुंडी, जिने शेकतात. आयुर्वेदात पोटिसाला उपनाह म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत स्वेदाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत त्याची गणना आहे. शब्दाच्या मुळाशी ‘नह्’ म्हणजे बांधणे हा धातू आहे. आपल्या तोंडी बसलेला ‘पोटीस’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि त्याचे मूळ घट्ट पेजेला वाचक असलेल्या लॅटिन ‘पुल्स’ या शब्दात आहे. पोर्तुगीज लोक जवसाच्या पोटिसाला ‘पापाश द लिन्यासा’ म्हणजे अक्षरशः ‘जवसाची पेज’ म्हणत. सकाळी दहा वाजता उकड्या तांदळाची पेज घेणाऱ्या गोव्याच्या माणसाला हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: पेजेचा टोप चुलीवरून उतरवल्यावरही कितीतरी वेळ हात भाजत राहतो. पोटिसाचे सारे सामर्थ्य त्या धरून ठेवलेल्या ओल्या उष्णतेत आहे.

माझी पहिली खरेदी मुलाच्या मांडीवरील केस्तुडासाठी होती. त्याआधी मी ऑनलाइन मागवलेली एक ‘हर्बल पोटली’ वापरून पाहिली होती. तिचे कापड कृत्रिम धाग्याचे होते, वाफेवर धरताच त्याचा रंग उतरला, आणि आत औषधापेक्षा अत्तराचाच वास जास्त होता. हे मी काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्या पोटलीविषयी एक अक्षरही काढले नाही, उलट मलाच विचारले, “केन्नासावन आसा? ताप आसा? तोंड दिसता?” केस्तूड तीन दिवसांचे आहे, ताप नाही आणि तोंड अजून आलेले नाही, असे सांगितल्यावर त्यांनी जवसाची भरड तोलून दिली, पाव किलो ४० रुपयांना. जवस गोव्यात पिकत नाही, तो बेळगावच्या बाजारातून येतो. भरड मात्र काका दुकानातच काढतात आणि जुनी झाली की विकत नाहीत, कारण जवसाचे तेल लवकर खवट होते आणि खवट भरडीचे पोटीस त्वचेला खाजवते. हे कारण त्यांनी न विचारता सांगितले. पुढे एकदा खरोखरच ताजी भरड संपली होती. तेव्हा आदल्या आठवड्याची उरलेली पिशवी समोर असूनही त्यांनी मला रिकाम्या हाताने परत पाठवले. तेव्हा मला राग आला होता, हेही नमूद करते.

कृती त्यांनी तोंडी सांगितली. ती मी येथे नीट लिहून ठेवते, कारण तयार पाकिटांवर ती कधीच पुरती नसते. पाणी उकळून त्यात भरड थोडी थोडी भुरभुरत घोटायची, पिठल्यासारखी. लगदा भांड्याची कड सोडू लागला की तो स्वच्छ सुती कापडावर साधारण बोटभर जाडीने पसरायचा, कापडाच्या कडा आत दुमडायच्या आणि मग तो रुग्णाच्या अंगावर ठेवण्यापूर्वी आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा. आपल्याला जे सोसवते ते लहान मुलाला सोसवेलच असे नाही, म्हणून आणखी थोडे थांबायचे. गार होऊ लागले की बदलायचे, वापरलेला लगदा पुन्हा गरम करायचा नाही. जवसात चिकट द्रव्य आणि तेल दोन्ही असल्यामुळे हा लगदा तांदळाच्या पिठापेक्षा पुष्कळ वेळ मऊ आणि उबदार राहतो. तांदळाचे पीठ लवकर सुकते, खपली धरते आणि काढताना केसांना ओढते. दोन दिवसांत केस्तुडाला तोंड आले आणि ते आपोआप फुटले. पोटिसाने ‘विष ओढून काढले’ असे आमच्या शेजारणीने म्हटले, पण तसे काही घडत नाही. उष्णतेने तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो, ओलाव्याने वरची त्वचा मऊ पडते आणि शरीराचे जे काम चाललेलेच असते त्याला वाट मिळते. फुटल्यानंतर मात्र पोटीस बंद करून जखम स्वच्छ ठेवण्यास त्यांनी बजावले होते, आणि केस्तूड चेहऱ्यावर, नाकाच्या किंवा वरच्या ओठाच्या भागात असते, तर आपण सामान दिलेच नसते, असेही ते म्हणाले.

सासूबाईंच्या गुडघ्याचा अनुभव थोडक्यात सांगण्यासारखा आहे. निर्गुंडीचा पाला तव्यावर परतून, एरंडाच्या पानात घालून रात्री बांधल्याने त्यांना बरे वाटते, झोप लागते आणि सकाळी गुडघा पुन्हा पूर्ववत होतो. झिजलेला सांधा पाल्याने भरून येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. काकांनी फक्त एवढेच विचारले की त्यांना मधुमेह आहे का आणि पायाला मुंग्या येतात का. कारण ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसल्याचे कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. सासूबाईंना मधुमेह नाही. असता, तर मिठागरातील जाड गावठी मिठाची गरम पुरचुंडीसुद्धा त्यांनी सुचवली नसती. हा प्रश्न मला आजवर कोणत्याही औषधालयात ‘हीट पॅक’ विकत घेताना विचारला गेलेला नाही.

मोहरीविषयी, जिला गोव्यात सासवां म्हणतात, त्यांचा आग्रह मला सुरुवातीला विचित्र वाटला होता. सासवांची पूड कोमट पाण्यातच कालवावी, उकळत्या पाण्यात कधीच नाही, आणि ती गव्हाच्या पिठात मिसळून, मध्ये कापड ठेवून, १० ते १५ मिनिटांच्या आत काढून टाकावी, असे ते सांगतात. यामागे पक्के कारण आहे: मोहरीचा झणझणीतपणा दाण्यात तयार नसतो. दाणा कुटून ओला केल्यावर त्यातील एक विकर (एन्झाइम) कामाला लागतो आणि तेव्हा ते तिखट तेल निर्माण होते. उकळते पाणी त्या विकराचाच नाश करते. म्हणजे ज्याला जास्त गरम पाण्याने जास्त गुण येईल असे वाटते, त्याच्या हाती निव्वळ पिठाचा लगदा उरतो. आणि जो कोमट पाणी वापरूनही वेळ पाळत नाही, त्याच्या पाठीवर फोड येतात. लहान मुलांसाठी ते हे पोटीस मुळीच देत नाहीत.

आता गाईकडे येते, कारण या दुकानाची खरी कसोटी माझ्या मते तेथे लागली. दिरांच्या गोठ्यातील संकरित गाय व्याल्यानंतर दुसऱ्या महिन्यात तिच्या कासेचा मागचा एक भाग गरम आणि टणक झाला, त्या सडातून येणाऱ्या दुधात गाठी दिसू लागल्या आणि ती पाय झाडू लागली. हा कासदाह, शेतकरी त्याला दगडी म्हणतात. दिरांनी मला म्हापशाहून ‘काहीतरी लेप’ आणण्यास सांगितले. काकांचे पहिले वाक्य असे होते: “पयलीं गोरवांच्या दोतोराक दाखय, मागीर हांगा यो.” त्याप्रमाणे पशुवैद्यांना बोलावले, त्यांनी सडात सोडायचे औषध दिले आणि त्या काळातील दूध डेअरीत घालू नये असे सांगितले. त्यानंतर मी पुन्हा दुकानात गेले, तेव्हा काकांनी जे दिले ते त्यांच्या आजोबांचे गुपित मुळीच नव्हते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ पशुपालकांना जी पारंपरिक औषधकृती शिकवते, तीच ती होती: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून एका दिवसाचा गोळा करायचा, त्यातील मूठभर घेऊन १५० ते २०० मिलिलिटर पाण्यात पातळ करायचा, कास स्वच्छ धुऊन, दूध पुरते काढून, सगळ्या कासेला लावायचा, आणि असे दिवसातून १० वेळा, ५ दिवस करायचे. जोडीला रोज दोन लिंबे अर्धी कापून गाईला चारायची.

मला येथे दोन गोष्टी मनापासून आवडल्या. एक म्हणजे त्यांनी चुना अंदाजाने न देता लहान तराजूने तोलून दिला. हळदीत चुना पडताच मिश्रण रक्तासारखे लाल होते, कारण हळदीचा पिवळा रंग क्षारात तांबडा होतो, कुंकू होते तेही याच गुणाने. आणि तो लाल रंग पाहून ‘औषध चढले’ असे समजून लोक आणखी चुना घालतात. चुना दाहक आहे. माणसाच्या मुरगळलेल्या घोट्यावरही जास्त चुन्याचा हळद-लेप त्वचा सोलतो, मग कासेच्या नाजूक कातडीची कथा काय. दुसरी गोष्ट अशी की ही कृती मंडळाची आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितले. वनौषधींच्या धंद्यात आपल्याकडील ज्ञान दुसऱ्याचे आहे हे कबूल करणारा विक्रेता दुर्मीळ असतो.

दिवसातून १० वेळा लेप लावणे हे काम मात्र कागदावर सोपे आणि गोठ्यात कठीण आहे. दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी यांनी आळीपाळीने ते केले तरी रोज सातच्या पुढे आकडा गेला नाही. पहिल्या दिवशी गाईने बादली उलथवली. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली, पाचव्या दिवशी दुधातील गाठी गेल्या. यात लेपाचा वाटा किती आणि पशुवैद्यांच्या औषधाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही आणि तसा दावा मी करणारही नाही. एवढे निश्चित सांगता येईल की दर दोन तासांनी कास धुणे, हाताळणे आणि पाहणे यामुळे दिरांच्या लक्षात आले की गोठ्यातील जमीन त्या कोपऱ्यात सतत ओली राहते. ती उतार देऊन नीट केल्यावर गाय कोरड्या जागी बसू लागली. पुढच्या दिवाळीत गोरवांपाडव्याला तिच्या गळ्यात घातलेली झेंडूची माळ तिनेच खाल्ली, हे जाता जाता.

बैलांच्या खांद्याला जोखडाने येणाऱ्या सुजेसाठी हे दुकान एके काळी प्रसिद्ध होते म्हणतात; आता पॉवर टिलर आल्यापासून ते गिऱ्हाईक जवळजवळ संपले आहे. जखमेत किडे पडल्यास सीताफळाच्या पाल्याचा वाटलेला गोळा किंवा कापूर घातलेले खोबरेल तेल ते सुचवतात, तेही फक्त सुरुवातीला आणि किडे निघाल्यावर जखम स्वच्छ करण्याच्या अटीवर. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या पंजासाठी मात्र त्यांनी काहीच दिले नाही. कुत्रा लेप चाटतो, बांधलेले फाडतो आणि जे त्वचेवर चालते ते पोटात चालतेच असे नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले. शेजारी नाराज झाले.

लेप लावण्याची त्यांची पद्धत पाहताना मला एक गंमत आढळली. लेप नेहमी केसांच्या उलट दिशेने लावावा, रात्री लावून झोपू नये आणि सुकून तडकण्याआधी काढावा, असे ते सांगतात. का, असे विचारल्यास “बापूय सांगतालो” एवढेच उत्तर मिळते. घरी आल्यावर यजमानांच्या कपाटातील सुश्रुतसंहिता उघडली, तर या तिन्ही सूचना तेथे जवळजवळ तशाच सापडल्या, आणि लेपाची जाडी किती असावी याचे मापही: म्हशीच्या ओल्या कातड्याइतकी. गोठा आणि घर इतके जवळ असलेल्या माणसालाच हे माप सुचू शकते. निर्गुंडी ते रात्रीच बांधायला का सांगतात, असा प्रश्न मी मग त्यांना विचारला. थंड लेप वेगळा आणि गरम पाला बांधणे वेगळे, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या मनात हा भेद अगदी स्पष्ट आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. तयार ‘लेप पूड’ म्हणून जी पाकिटे ते गल्ल्यापाशी टांगतात, त्यांवर घटकांची यादी नाही, बनवल्याची तारीख नाही आणि परवाना क्रमांकही नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर हे असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि जो माणूस चुना ग्रॅममध्ये तोलतो त्याने स्वतःच्या पाकिटाबाबत इतके ढिले असावे हे मला खटकले. त्यात आंबेहळद आणि रक्तबोळ आहे हे वासावरून कळते, बाकी काय आहे ते त्यांनी सांगितले तरी ग्राहकाच्या हाती लेखी काहीच राहत नाही. मुका मार लागल्यावर तो लेप गरम करून लावा, असेही ते सरसकट सांगतात; पण ताज्या मुरगळीवर पहिल्या एकदोन दिवसांत उष्णतेने सूज वाढू शकते, तेव्हा थंड पट्टीच योग्य, आणि या एका मुद्द्यावर त्यांचे आणि माझे जमत नाही. पुडीत सुटी हळद मिळते तिचा रंग मला एकदा संशयास्पद चकचकीत वाटला. तेव्हापासून मी हळकुंडे घेऊन घरीच कुटते. दुकानात उजेड इतका कमी आहे की निर्गुंडीचा पाला ताजा आहे की कालचा, हे बाहेर येऊनच पाहावे लागते.

एका बाबतीत मात्र त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. बिब्बे ते दुकानात ठेवतात, पण अनोळखी माणसाला विकत नाहीत. बिब्ब्याच्या तेलाने त्वचेवर फोड येतात आणि डाग राहतात; काजूच्या टरफलातील डीक म्हणजे चीकही त्याच घराण्यातला, हे काजूच्या हंगामात हात पोळलेल्या कोणाही गोवेकराला माहीत आहे. माझ्यासमोरच एक तरुण समाजमाध्यमावर पाहिलेला काहीतरी ‘चामखिळीचा इलाज’ म्हणून बिब्बे मागत होता, दुप्पट पैसे देत होता. काकांनी बरणीचे झाकण लावून ती मागच्या फळीवर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पोटात दुखते म्हणून पोटावर बांधायला पोटीस मागणाऱ्या एका बाईंनाही त्यांनी थेट आझिलो इस्पितळाची वाट दाखवली. पोटातील दुखणे आंत्रपुच्छाचे (अपेंडिक्सचे) असेल तर शेकल्याने वेळ वाया जातो आणि धोका वाढतो.

दर वाजवी आहेत, पावती मिळत नाही, मोबाइलवरून पैसे स्वीकारतात. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत, मे महिन्यात, गर्दी इतकी असते की प्रश्न विचारण्यास त्यांना सवड नसते आणि मग या दुकानात जाण्याचे निम्मे कारणच उरत नाही. म्हणून शक्यतो हे दिवस आणि शुक्रवार, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस, टाळावा आणि इतर दिवशी सकाळी दहाच्या आत जावे. लेप कोणासाठी हवा आहे, माणसासाठी की गुरासाठी, दुखणे कधीपासून आहे आणि डॉक्टर काय म्हणाले, हे आधीच मनाशी ठरवून जावे, कारण तेवढे सांगितल्याशिवाय तराजू हलत नाही. कोरफडीची पाने मात्र मागू नयेत. ती विकत नाहीत. मागितल्यास काका मागच्या अंगणातून मुळासकट एक रोप आणून वर्तमानपत्रात गुंडाळून हाती देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. आमच्या गोठ्यापाशी आता तशी अकरा रोपे झाली आहेत.